लष्करी मालमोटार

लष्करी मालमोटार किंवा लष्करी ट्रक म्हणजे सैन्याचे जवान, दारूगोळा, इंधन, शिधा व पाणी वाहून नेण्यासाठी, तोफा ओढण्यासाठी आणि क्षेपणास्त्रे, रडार किंवा फिरती कार्यशाळा यांसारखी सामग्री बसवण्यासाठी वापरले जाणारे वाहन होय. वरवर पाहता हिरवा रंग आणि मागची ताडपत्री एवढाच तिचा नागरी ट्रकपासूनचा फरक दिसतो. लष्करी ट्रक हा नागरी ट्रकपेक्षा ‘मजबूत’ असतो, असाही सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. महामार्गावर दिवसरात्र धावून काही वर्षांत लाखो किलोमीटर पूर्ण करणारा नागरी ट्रक हेही अत्यंत टिकाऊ यंत्र असते. दोहोंतील खरा फरक त्यांच्या रचनेमागील हिशेबाचा आहे. एक टन माल एक किलोमीटर नेण्यास किती खर्च येतो, या प्रश्नाभोवती नागरी ट्रक बेतलेला असतो. रस्ता नसलेल्या ठिकाणी, वर्षातील सर्वांत वाईट दिवशी माल पोहोचेल की नाही, हा लष्करी ट्रकच्या रचनेमागील प्रश्न असतो. त्या एका दिवसासाठी कमावलेल्या क्षमतेची किंमत उरलेले सर्व दिवस मोजावी लागते: माल कमी बसतो, इंधन जास्त लागते, वेग मंदावतो आणि वाहन महाग पडते. त्यामुळे सैन्याने खास बनावटीचे ट्रक किती घ्यावेत आणि बाजारातील ट्रक किती वापरावेत, हा प्रश्न पहिल्या महायुद्धापासून आजवर सर्वच देशांपुढे राहिला आहे.

भारक्षमतेचे आकडे

लष्करी ट्रकची ओळख बहुधा त्याच्या भारक्षमतेवरून दिली जाते; जसे एक टनी, अडीच टनी, पाच टनी. हे आकडे नागरी ट्रकच्या आकड्यांशी सरळ ताडून पाहता येत नाहीत. अमेरिकी सैन्याचा ‘अडीच टनी’ एम-३५ हा ट्रक १९५० च्या सुमारास सेवेत आला. शेतातून, चिखलातून किंवा खडकाळ जमिनीवरून जाताना त्याला सुमारे अडीच टन माल नेण्याची मुभा होती. पक्क्या रस्त्यावर हीच मर्यादा पाच टनांची होती. म्हणजे नावातील आकडा हा वाईट जमिनीवरचा आहे. नागरी ट्रकचा आकडा पक्का रस्ता गृहीत धरूनच काढलेला असतो. तेवढेच इंजिन असलेला नागरी ट्रक सैन्याच्या ट्रकपेक्षा दुप्पट माल नेताना दिसतो, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण स्ववजनाचे. पुढच्या अ‍ॅक्सलला शक्ती पोहोचवणारी यंत्रणा, जाड चासी, विंच, मोठी इंधन टाकी आणि ओढण्यासाठीचे हूक यांचे वजन मालाच्या वाट्यातूनच वजा होते.

चाके, टायर आणि शक्तीचे वाटप

नेहमीच्या दोन अ‍ॅक्सलच्या नागरी ट्रकमध्ये इंजिनाची शक्ती फक्त मागच्या चाकांना मिळते. पुढची चाके वळण्यापुरती असतात. याला ४×२ रचना म्हणतात. पहिला आकडा एकूण चाकांच्या जागांचा व दुसरा शक्ती मिळणाऱ्या जागांचा. मागील जोडचाके येथे एकच मानली जातात. लष्करी ट्रक बहुधा ४×४, ६×६ किंवा ८×८ असतो. गिअरबॉक्सनंतर बसवलेली ट्रान्सफर केस ही पेटी शक्तीचे पुढे व मागे वाटप करते आणि तिच्यातच अतिशय मंद पण जोरकस चालीचा वेगळा खालचा गिअर असतो. तीव्र चढावर किंवा चिखलात ट्रक माणसाच्या चालीने, पण न थांबता पुढे सरकतो तो या गिअरमुळे.

सर्व चाकांना शक्ती मिळाली तरी काम संपत नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून प्रत्येक अ‍ॅक्सलवर डिफरन्शियल ही यंत्रणा असते. तिचा दोष असा, की एक चाक चिखलात सुटून गरगर फिरू लागले तर पक्क्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही जोर मिळेनासा होतो. यावर उपाय म्हणून डिफरन्शियल तात्पुरते जखडून दोन्ही चाके एकत्र फिरवण्याची सोय करतात. खाणी व बांधकामावरील नागरी टिपरमध्येही ही सोय आढळते. या बाबतीत टिपर हा महामार्गावरील ट्रकपेक्षा लष्करी ट्रकला अधिक जवळचा आहे.

टायरमधील फरक साध्या डोळ्यांनाही दिसतो. नागरी ट्रकच्या मागील अ‍ॅक्सलवर प्रत्येक बाजूला दोन टायरांची जोडी असते, कारण पक्क्या रस्त्यावर जास्त भार पेलण्याचा तो स्वस्त मार्ग आहे. मऊ जमिनीवर मात्र ही जोडी अडचणीची ठरते. पुढचे एकेरी चाक जी चाकोरी पाडते तिच्यापेक्षा मागची जोडी रुंद असल्याने तिला स्वतःची नवी चाकोरी कापत जावे लागते आणि त्यात जोर वाया जातो. शिवाय दोन टायरांच्या फटीत दगड अडकून टायर फाटतात. म्हणून आधुनिक लष्करी ट्रकमध्ये बहुतेक वेळा सर्व जागी एकाच मापाचे मोठे एकेरी टायर असतात. मागची चाके पुढच्या चाकोरीतून जातात आणि एकच स्टेपनी कोणत्याही जागी बसते.

टायर जमिनीवर किती दाब देतो, हे ढोबळमानाने त्यातील हवेच्या दाबावर ठरते. भरलेल्या नागरी ट्रकच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला १०० पौंड किंवा त्याहून अधिक दाबाची हवा असते. असे टायर वाळूत सुरीसारखे रुततात. दाब ३० पौंडांच्या आसपास उतरवला, की टायर पसरतो, जमिनीवरील त्याचा ठसा लांब होतो आणि तोच ट्रक वाळूवरून जाऊ शकतो. पुन्हा रस्त्यावर आल्यावर हवा भरली नाही, तर टायर तापून फुटतो. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून बनवलेल्या अमेरिकेच्या ‘डक’ या पाण्यातही चालणाऱ्या ट्रकमध्ये चालकाला आपल्या जागेवरूनच टायरमधील दाब कमीजास्त करता येत असे. समुद्रातून पुळणीवर चढणाऱ्या वाहनाला ही सोय जीवनावश्यक होती. पुढे सोव्हिएत संघाने झिल-१५७ सारख्या साध्या मालवाहू ट्रकमध्येही ती दिली. आज अनेक देशांच्या लष्करी ट्रकमध्ये ती असते. नागरी ट्रकला तिचा उपयोग क्वचितच होतो.

चासी, उंची आणि पाणी

ओबडधोबड जमिनीवर एका कोपऱ्यातले चाक खड्ड्यात आणि समोरच्या कोपऱ्यातले चाक दगडावर, अशी स्थिती नेहमीची असते. अशा वेळी चासी पिळवटली जाते. रचनाकारांनी या पिळाला दोन वेगवेगळी उत्तरे दिली. पहिले म्हणजे चासी थोडी लवचिक ठेवायची आणि हौदा किंवा केबिन तिच्यावर तीन बिंदूंवर टेकवायची, म्हणजे चासी वाकली तरी वरचा भाग मोडत नाही. जर्मनीचा उनिमोग हा ट्रक याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

दुसरे उत्तर चेकोस्लोव्हाकियातील ताट्रा कंपनीचे. हान्स लेडविंका या अभियंत्याने १९२३ च्या ताट्रा-११ या मोटारीत चासीच्या ऐवजी मधोमध एक जाड पोलादी नळी वापरली. शक्ती नेणारा दांडा या नळीच्या आतून जातो आणि दोन्ही बाजूंचे अर्धे अ‍ॅक्सल पंखांसारखे स्वतंत्रपणे वरखाली होतात. नळी सहजासहजी पिळत नाही, दांडा दगडमातीपासून सुरक्षित राहतो आणि नळीचे तुकडे जोडत गेल्यास ६×६, ८×८ किंवा त्याहून लांब वाहन तयार होते. मोटारीसाठी काढलेली ही कल्पना अवजड ट्रकमध्ये इतकी यशस्वी ठरली, की शंभर वर्षांनंतरही ताट्राचे ट्रक तिच्यावरच उभे आहेत. क्षेपणास्त्रासारखा लांब आणि नाजूक भार वाहण्यास न पिळणारा कणा विशेष उपयोगी पडतो.

लष्करी ट्रक नागरी ट्रकपेक्षा उंच असतो. अ‍ॅक्सलचा मधला फुगीर भाग हाच जमिनीपासून सर्वांत खाली असल्याने तो दगडावर आपटतो. उनिमोगमध्ये चाकांजवळ जादा दंतचक्रे बसवून अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर नेलेला आहे. पुढचा व मागचा भाग चाकांपलीकडे कमीत कमी बाहेर येईल, हेही पाहिले जाते. नाहीतर खंदकाच्या किंवा नाल्याच्या काठावर बंपर आधी टेकतो. उंचीचा तोटा म्हणजे गुरुत्वमध्य वर जातो आणि वेगात वळण घेताना ट्रक उलटण्याचा धोका वाढतो. हौद्याचा तळ उंच असल्याने माल चढवणाऱ्यांची कंबरही अधिक मोडते.

पूल उडवलेले असतील तर नदी पायउताराने ओलांडावी लागते. एम-३५ हा ट्रक कोणत्याही तयारीविना सुमारे ७६ सेंमी आणि खास साहित्य बसवल्यावर सुमारे १.८ मीटर खोल पाण्यातून जाऊ शकत असे. त्यासाठी हवा आत घेणारी व धूर बाहेर टाकणारी नळी उंच नेतात, विजेच्या जोडण्या जलरोधक करतात आणि गिअरबॉक्स व अ‍ॅक्सल यांच्या श्वासनलिका वर आणून सोडतात. हा शेवटचा भाग क्षुल्लक वाटला तरी महत्त्वाचा आहे. धावून तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात शिरताच आतील हवा आकसते आणि श्वासनलिका पाण्याखाली असेल तर पाणी वंगणात ओढले जाते. ट्रक त्या दिवशी पलीकडे पोहोचतो आणि काही दिवसांनी त्याची दंतचक्रे झिजून बंद पडतो.

इंजिन आणि इंधन

अलीकडच्या काळात बहुतेक लष्करी ट्रकमधील इंजिने नागरी ट्रकच्याच कुळातील असतात. फरक पडतो तो इंधनाच्या बाबतीत. नागरी ट्रकचे इंजिन ठरावीक दर्जाच्या डिझेलसाठी बारकाईने जुळवलेले असते. युद्धभूमीवर जे मिळेल त्यावर चालावे लागते, या विचारातून १९५० व १९६० च्या दशकांत बहुइंधनी इंजिनांचा मोठा बोलबाला झाला. पश्चिम जर्मनीच्या सैन्याचा मान-६३० आणि अमेरिकेच्या एम-३५ चे नंतरचे नमुने डिझेल, रॉकेल, विमानाचे इंधन आणि प्रसंगी पेट्रोलवरही चालत. ही लवचिकता सोपी नव्हती. इंजिन जड आणि गोंगाटी होते. पुढे नाटो राष्ट्रांनी प्रश्नच उलटा फिरवला. कोणतेही इंधन चालणारे इंजिन करण्याऐवजी विमाने आणि वाहने यांना शक्यतो एकच इंधन पुरवावे, असे धोरण त्यांनी स्वीकारले आणि रॉकेलवर्गीय विमान इंधन ट्रकमध्येही वापरले जाऊ लागले. टँकर, साठवणटाक्या आणि चुका, तिन्ही त्यामुळे कमी झाल्या.

उत्सर्जनाचे नियम हा नवा दुरावा आहे. आजच्या नागरी डिझेल इंजिनातील धूर शुद्ध करणारी उपकरणे गंधकाचे प्रमाण अत्यल्प असलेल्या डिझेलवरच टिकतात. जगाच्या अनेक भागांत असे डिझेल मिळत नाही आणि विमान इंधनात गंधक जास्त असू शकते. म्हणून अमेरिकेसह काही देशांत लष्करी वाहनांना या नियमांतून सूट आहे. परिणामी बाजारातील सर्वांत नवे इंजिन जसेच्या तसे उचलून लष्करी ट्रकमध्ये बसवणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे.

वीज, दिवे आणि खुणा

लष्करी वाहनांत २४ व्होल्टची वीजव्यवस्था प्रमाण मानली जाते. युरोपातील अवजड नागरी ट्रकही २४ व्होल्टचेच असतात, अमेरिकेतील मात्र १२ व्होल्टचे. नाटोच्या वाहनांना बाहेरून दिसेल अशा जागी एक ठरावीक खोबण असते. बॅटरी उतरलेल्या कोणत्याही वाहनाला शेजारच्या वाहनातून जाड तारेने वीज देऊन ते सुरू करता येते, मग ती वाहने वेगळ्या देशांची का असेनात.

रात्री दिवे बंद ठेवून ताफा चालवता यावा म्हणून लष्करी ट्रकमध्ये झाकलेल्या अंधुक दिव्यांची वेगळी मालिका असते. वरून विमानाला न दिसणारा, पण मागच्या चालकाला अंतराचा अंदाज देणारा हा प्रकाश असतो. ब्रिटिश परंपरेच्या ट्रकमध्ये मागच्या अ‍ॅक्सलचा फुगीर भाग पांढरा रंगवून त्यावर हौद्याखालून एक लहान दिवा सोडलेला असे. भारतीय सैन्याच्या ट्रकमागे जाताना अ‍ॅक्सलवर दिसणारा पांढरा गोल याच पद्धतीचा वारसा आहे.

भारतातील लष्करी वाहनांची नोंदणी राज्यांच्या परिवहन कार्यालयांत न होता संरक्षण मंत्रालयाकडे होते. क्रमांकाच्या पाटीवर वर टोक असलेला बाण असतो आणि त्यानंतरचे दोन अंक वाहन खरेदी केल्याचे वर्ष सांगतात. अनेक देशांच्या लष्करी ट्रकच्या पुढच्या बाजूस पिवळ्या गोलात एक आकडाही दिसतो. तो पुलासाठीचा भारवर्ग असतो. पुलाच्या तोंडाशी लिहिलेला आकडा वाहनाच्या आकड्यापेक्षा लहान असेल तर चालकाने तेथेच थांबायचे, हिशेब करीत बसायचे नाही.

दुरुस्ती आणि सुटे भाग

नागरी ट्रक बिघडल्यास त्याला ओढून गॅरेजमध्ये नेतात. लष्करी ट्रक जेथे बिघडला तेथेच, काळोखात, थंडीत आणि मोजक्या हत्यारांनी दुरुस्त करता यावा अशी अपेक्षा असते. म्हणून त्याच्या रचनेत साधेपणाला आणि भागांच्या अदलाबदलीला मोठे मोल आहे. या दृष्टीने सैन्याचा खरा शत्रू वाहनांचे वैविध्य हा ठरतो. दहा कंपन्यांचे दहा उत्तम ट्रक असण्यापेक्षा एकाच नमुन्याचे दहा मध्यम ट्रक असणे सैन्याला परवडते, कारण बंद पडलेल्या दोन ट्रकमधून एक चालता ट्रक तेव्हाच उभा राहू शकतो.

वापराचा प्रकारही वेगळा आहे. नागरी ट्रक उभा राहिला की मालकाचे नुकसान होते. म्हणून तो सतत धावतो, लवकर झिजतो आणि बदलला जातो. लष्करी ट्रक शांतताकाळात अनेकदा महिनोन्महिने छपराखाली उभा असतो. रबर वाळणे, टाकीत पाणी साचणे, सील सुकणे हे त्याचे आजार धावण्यातून न येता उभे राहण्यातून येतात. तरीही त्याने दोन-तीन दशके सेवा द्यावी, असे गृहीत धरलेले असते. या काळात मूळ कंपनीने तो नमुना बनवणे केव्हाच थांबवलेले असते आणि सुट्या भागांचा प्रश्न ऐरणीवर येतो.

इतिहासातील अनुभव

पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटन व जर्मनी यांनी नागरी ट्रकवरच भिस्त ठेवली होती. सरकारने ठरवून दिलेल्या बनावटीचा ट्रक विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला अनुदान मिळे आणि युद्ध सुरू होताच तो ट्रक सैन्याच्या हवाली करावा लागे. योजना काटकसरीची होती, आणि १९१४ मध्ये हजारो ट्रक त्यामुळे तत्काळ उपलब्ध झाले. १९१६ मध्ये व्हर्दूंच्या लढाईत फ्रेंच सैन्याची रसद मुख्यतः बार-ल-द्यूकहून जाणाऱ्या एकाच रस्त्यावरून ट्रकांनी पोहोचवली. रस्ता खचू नये म्हणून मजूर त्यावर सतत खडी टाकीत होते. ट्रक नागरी होते, म्हणून रस्त्याला लष्करी करावे लागले. अमेरिकेला याच युद्धात असंख्य बनावटींच्या वाहनांचा इतका जाच झाला, की तिने १९१७ मध्ये अनेक कारखान्यांकडून एकाच आराखड्यावर ‘लिबर्टी’ ट्रक बनवून घेतला.

वैविध्याची सर्वांत मोठी किंमत जर्मनीने मोजली. कर्नल आडोल्फ फॉन शेल यांच्याकडे १९३८ मध्ये मोटार उद्योगाच्या सुसूत्रीकरणाचे काम सोपवले गेले. ट्रकचे शंभराहून अधिक प्रकार १९ वर आणण्याची त्यांची योजना होती. पण ती पुरी होण्याआधीच युद्ध पेटले. २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत संघावर चालून गेलेल्या सैन्याकडे जर्मनीतील नागरी ट्रक होते, तसेच जिंकलेल्या फ्रान्समधून आणलेलेही. एकूण वाहनांचे प्रकार दोन हजारांच्या घरात होते, असे इतिहासकार नमूद करतात. शरद ऋतूच्या पावसात रशियातील कच्चे रस्ते चिखलाचे झाले आणि मागच्याच चाकांना शक्ती मिळणारे हे ट्रक रुतून बसले. रुतलेला ट्रक नेटाने काढताना क्लच आणि गिअरबॉक्स जात; त्यांचे सुटे भाग शेकडो किलोमीटर मागे, आणि तेही भलत्याच बनावटीचे असत. पुढे ओपेल ब्लिट्झसारख्या ट्रकची मागची चाके काढून तेथे रणगाड्यासारखे पट्टे बसवलेली ‘माउलटिअर’, म्हणजे खेचर, ही वाहने बनवावी लागली.

उलट बाजूस अमेरिकेने मोजक्याच नमुन्यांचे प्रचंड उत्पादन केले. जीएमसी कंपनीचा सीसीकेडब्ल्यू हा अडीच टनी ६×६ ट्रक पाच लाखांहून अधिक संख्येने बनला. सोव्हिएत संघाला मदत म्हणून गेलेल्या वाहनांत स्टुडबेकर यूएस-६ या ६×६ ट्रकचा मोठा वाटा होता. ‘कात्युशा’ अग्निबाणांचे प्रक्षेपक त्याच्यावरही बसवले जात.

मात्र १९४४ मधील ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ने या ट्रकच्या मर्यादाही दाखवल्या. नॉर्मंडीनंतर वेगाने पुढे गेलेल्या सैन्याला रसद पुरवण्यासाठी २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात फ्रान्समधील राखीव रस्त्यांवर अहोरात्र ट्रक धावले आणि त्यांनी चार लाख टनांहून अधिक सामान पोहोचवले. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आफ्रिकी-अमेरिकी होते. वंशभेदाच्या धोरणामुळे बहुतेकांना लढाऊ तुकड्यांत स्थान नव्हते. येथे ट्रकला नागरी ट्रकचेच काम करायचे होते: पक्का रस्ता, लांब पल्ला, खच्चून माल. अडीच टनी ट्रकवर दुप्पट भार लादला गेला आणि वेगावरील नियंत्रक चालकांनी काढून टाकले. टायर व इंजिने भराभर संपू लागली. चिखलासाठी बनवलेला ट्रक महामार्गावर उधळखोर ठरतो, हे तेथे दिसून आले.

भारतातील लष्करी ट्रक

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याला मोठ्या प्रमाणावर कॅनडात बनलेले फोर्ड व शेवरोले ट्रक मिळाले. त्यांचे नाक आखूड होते आणि समोरची काच वरून पुढे झुकवलेली होती. उन्हाची चमक विमानातून दिसू नये हा तिचा हेतू. स्वातंत्र्यानंतर जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ मध्ये ‘शक्तिमान’ ट्रकचे उत्पादन सुरू झाले. नावाचा शेवटचा भाग कंपनीचे नावही सांगतो. पुढे जबलपूरलाच स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि शक्तिमानबरोबर निस्सानचे एक टनी ट्रक व ‘जोंगा’ ही हलकी वाहने कित्येक दशके सैन्याच्या सेवेत राहिली. त्यानंतर अशोक लेलँडचा ‘स्टॅलियन’ आणि टाटाचा अडीच टनी एलपीटीए-७१३ या ४×४ ट्रकांनी त्यांची जागा घेतली. हे दोन्ही नमुने नागरी ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांचे आहेत आणि त्यांचे अनेक भाग नागरी भावंडांशी जुळतात. अवजड कामांसाठी ताट्राच्या सहकार्याने १९८६ पासून बीईएमएल या सार्वजनिक उपक्रमाने ट्रक पुरवले. पिनाका अग्निबाण आणि अनेक क्षेपणास्त्रे त्यांच्यावर बसवलेली आहेत. त्यातील डाव्या बाजूच्या सुकाणूवर भारतीय रस्त्यांच्या संदर्भात टीकाही झाली.

भारतीय लष्करी ट्रकपुढील सर्वांत कठीण परीक्षा उंचीची आहे. सुमारे ४,५०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास ६० टक्के असते. साध्या इंजिनाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, शक्ती घटते आणि काळा धूर निघतो. हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर ही तेथे चैन नसून गरज आहे. पातळ हवेत इंजिन थंड ठेवणेही अवघड असते. हिवाळ्यात नेहमीच्या डिझेलमधील मेण गोठून गाळणी बंद होते. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल लडाखसाठी आणले. त्याआधी टाकीखाली शेगडी पेटवणे किंवा रात्रभर इंजिन सुरू ठेवणे, असे धोक्याचे वा खर्चिक उपाय चालकांना करावे लागत.

लष्करी वाहनांची पारख करणारी संरक्षण संशोधन व विकास संघटनेची प्रमुख संस्था महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आहे. व्हेईकल्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट या नावाने ती ओळखली जाते. तेथील चाचणी मार्गांवर वाहनांची कसोटी घेतली जाते. नागरी वाहनांना प्रमाणपत्र देणाऱ्या देशातील मान्यताप्राप्त संस्थांमध्येही तिचा समावेश असल्याने पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनप्रमाणे तिच्याकडे नागरी उत्पादकही जातात.

बाजारातील ट्रक सैन्यात

सैन्याची बहुतेक वाहतूक आघाडीच्या मागे, पक्क्या रस्त्यांवरच होते. तेथे खास बनावटीचा ट्रक वापरणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय. अमेरिकेने १९८० च्या दशकात शेवरोलेचे पिकअप किरकोळ बदलांसह घेतले: अंधुक दिवे, २४ व्होल्टचा स्टार्टर, डिझेल इंजिन आणि हिरवा रंग. ते खास वाहनांच्या तुलनेत फार स्वस्त पडले आणि छावण्यांतील कामाला उत्तम ठरले; आघाडीवर मात्र ते लवकर थकले.

प्रवास उलट दिशेनेही होतो. उनिमोग मूळचा शेतकऱ्यांसाठी १९४८ मध्ये उत्पादनात आला आणि नंतर अनेक सैन्यांचा झाला. अमेरिकेत डॉज कंपनीने आपल्या युद्धकालीन ट्रकवरून १९४६ मध्ये ‘पॉवर वॅगन’ हा नागरी ट्रक काढला.

‘आघाडीच्या मागे’ ही कल्पना मात्र सुरुंगांनी मोडीत काढली आहे. दक्षिण आफ्रिकेने १९७० च्या दशकात उनिमोगच्या चासीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा तळ असलेले ‘बुफेल’ वाहन बनवले. स्फोटाचा झोत या तळामुळे दोन्ही बाजूंना फाकतो. २००३ नंतर इराकमध्ये रसदीचे ताफेच हल्ल्याचे लक्ष्य झाले आणि अमेरिकी सैनिकांना भंगारातील पत्रे जोडून केबिन झाकावी लागली. त्यानंतरच्या ट्रकमध्ये केबिनचा सांगाडा आधीपासून चिलखत पेलण्याइतका तयार ठेवतात आणि पोलादी पट्ट गरजेनुसार चढवतात. चिलखताचे वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर येते, त्यामुळे कमानपाटे, ब्रेक व टायर सगळेच बदलावे लागते आणि मालाचा वाटा आणखी घटतो. दरवाजा इतका जड होतो, की उलटलेल्या ट्रकमधून बाहेर पडण्यासाठी छतात वेगळी वाट ठेवावी लागते.

सेवेनंतर

निवृत्त लष्करी ट्रक लिलावात विकले जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप आणि आशियात हजारो ट्रक अशा रीतीने नागरी हाती गेले. लाकूडतोड, विहिरी खणणे, अग्निशमन अशा वाईट वाटांच्या कामांत ते दीर्घकाळ टिकले. महामार्गावरील मालवाहतुकीत मात्र इंधनाचा खर्च परवडत नसल्याने नव्या मालकांनी पुष्कळदा पुढच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा दांडा काढून टाकला आणि पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन बसवले.